वाचकांचे प्रश्न: घाटरस्ते, गडकोट आणि सायकल

दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की सह्याद्रीत सायकली निघतात आणि आमच्याकडे प्रश्नांची रांग लागते. यंदाचे बहुतेक प्रश्न पुणे, वाई, महाबळेश्वर आणि रायगड या पट्ट्यातले आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून उत्तरे दिली आहेत.

प्रश्न: आम्ही तिघे मित्र पुण्याहून निघून वाई, प्रतापगड आणि रायगड करून वरंधा घाटाने परत यायचे म्हणतो. सायकलवर थोडे सामान असेल. चार दिवस पुरतील का? खंबाटकी घाट टाळता येईल का? (एक वाचक, पुणे)

चार दिवसांत चाके फिरतील, पण गड बघायचे राहतील. पाच दिवस घ्या. अशा प्रवासात दिवसाचे किलोमीटर मोजून फारसे काही कळत नाही. आधी दिवसभरात किती मीटर उंची चढायची ते काढा. सामान लादलेली सायकल आणि नियमित सराव असलेला माणूस तासाला साधारण ४०० मीटर उंची चढतो. रिकामी सायकल आणि पक्का सराव असेल तर ६०० मीटर. सपाट किंवा हलक्या चढउताराच्या रस्त्यावर ताशी १८ ते २० किमी धरा, चढाचे तास वेगळे मिळवा आणि एकूण बेरजेच्या तिसऱ्या हिश्शाइतका वेळ थांबे, चहा आणि पंक्चरसाठी वर ठेवा. हा हिशेब सहसा चुकत नाही.

पहिला दिवस पुणे ते वाई, सुमारे ९५ किमी. नवीन बोगद्याच्या बाह्यवळणावर सायकल घालू नका. कात्रजच्या जुन्या घाटाने जा. जुना बोगदा आखूड आहे, पण आत अंधार असतो, म्हणून मागचा लाल दिवा दिवसासुद्धा चालू ठेवा. शिंदेवाडीपासून महामार्ग लागतो. जिथे सेवा रस्ता आहे तिथे तोच धरा आणि उड्डाणपुलावर चढू नका. चेलाडी फाट्यावरून आत नसरापूरला बनेश्वराचे देऊळ आहे. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये बांधलेले. तिथल्या घंटेवर क्रूस आणि १६८३ हे साल आहे. चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या वसई मोहिमेनंतर ज्या घंटा देवळांत आल्या, त्यांतली ही एक मानतात. अर्धा तास पुरतो, झाडीत सावली आहे आणि पाणी भरून घेता येते.

कापूरहोळला महामार्ग सोडून उजवीकडे भोरला वळा. खंबाटकीचा प्रश्न इथेच सुटतो. भोरचा राजवाडा बाहेरून बघून, पोटभर जेवून निघा, कारण पुढे मांढरदेवीचा घाट आहे आणि चढ सुरू झाल्यावर दुकाने विरळ होतात. भोर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आत आहे, आणि घाटमाथ्यापर्यंत तुम्ही आणखी सहाशे मीटरहून जास्त चढता. सुरुवातीचा रस्ता सौम्य असल्याने माणूस फसतो आणि जोर लावतो. खरा चढ शेवटच्या आठ-नऊ किलोमीटरमध्ये आहे, त्यासाठी पाय राखून ठेवा. पौष महिन्यात शाकंभरी पौर्णिमेला काळूबाईची मोठी यात्रा असते. त्या आठवड्यात हा रस्ता सायकलसाठी नाहीच असे समजा. पलीकडे वाईकडचा उतार वळणावळणाचा आहे, तो उजेड असतानाच उतरा. म्हणजे भोर दुपारी बाराच्या आत सुटले पाहिजे आणि पुणे पहाटे साडेपाचला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाईतच थोडे थांबा. ढोल्या गणपतीचे देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधले. नदीच्या पुरात टिकावे म्हणून त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची, पाणी कापणारी केली आहे. ती नदीपात्राच्या बाजूने नीट दिसते. मेणवली तीनच किलोमीटरवर आहे. नाना फडणवीसांचा वाडा आणि कृष्णेचा घाट, आणि घाटावर पुन्हा वसईची एक मोठी घंटा. बनेश्वराची घंटा आदल्या दिवशी पाहिली असेल तर दोन्हींची घडण ताडून बघा. हे सगळे आणि धोमचा नृसिंहही निवांत बघायचा असेल तर वाईतच दुसरा मुक्काम करा. मग मात्र एकूण सहा दिवस धरा, आणि खालचे दिवस एकेकाने पुढे सरकवा.

वाई ते पाचगणी हा पसरणी घाट सुमारे १२ किमी. वाई सातशे मीटरच्या थोडी वर, पाचगणी तेराशेच्या थोडी खाली, म्हणजे सरासरी चढ पाच टक्क्यांच्या आसपास. चढ जवळजवळ एकसारखा आहे. लय सापडली की हा घाट फार समाधान देतो आणि डावी-उजवीकडे कृष्णेचे खोरे, धोमचे पाणी उलगडत जाते. सव्वा ते दीड तास धरा. सकाळी आठच्या आत अर्धा घाट मागे टाकला पाहिजे, कारण नंतर पर्यटकांच्या गाड्या वळणावर ओव्हरटेक करू लागतात. पाचगणी ते महाबळेश्वर १९ किमी खालीवर आहे.

महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने वाडा कुंभरोशीपर्यंत वीसेक किलोमीटर उतरायचे. तिथून प्रतापगडाचा फाटा दोन-अडीच किलोमीटर चढतो. १६५६ मध्ये बांधून झालेला गड आणि १० नोव्हेंबर १६५९ चे अफझलखानाचे युद्ध, हे शाळेपासून पाठ असते. पण खान वाईहून ज्या रानातून आला ते जावळीचे खोरे आपण स्वतःच्या पायांनी ओलांडून आलेलो असलो की बुरुजावरून खाली बघताना शिवरायांनी हीच जागा का निवडली ते डोळ्यांना दिसते. गडाला दोन तास द्या. तिथून पोलादपूर आणखी वीसेक किलोमीटर खाली आहे. मुक्काम पोलादपूरलाच करा. अंधारात मुंबई-गोवा महामार्गावरून महाडपर्यंत जायचे कारण नाही.

तिसऱ्या दिवशी महाड आणि रायगड. महाडात चवदार तळे रस्त्यातच आहे. २० मार्च १९२७ च्या सत्याग्रहाची जागा बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. महाड ते पाचाड सुमारे २४ किमी, शेवटी चढाचे. पाचाडला जिजाऊंची समाधी आहे. रायगडावर पायऱ्यांनी चढायचे की हिरकणीवाडीतून रोपवेने, हे पायांची अवस्था बघून ठरवा. दुसऱ्या दिवशी वरंधा चढायचा असेल तर रोपवे घेण्यात काहीही कमीपणा नाही. त्यामुळे वर जगदीश्वर, समाधी, राजसभा आणि बाजारपेठ बघायला अंगात त्राण उरते.

परतीला महाड ते भोर ७५ ते ८० किमी. महाड जवळजवळ समुद्रसपाटीला आहे, त्यामुळे वरंधा घाट पूर्ण उंचीचा चढावा लागतो. माझेरीपासून वर पाण्याची सोय धरू नका. शिवथरघळीचा फाटा घाटाच्या पायथ्याकडे लागतो. दासबोधाची जागा म्हणून जायचे असेल तर सकाळचे दोन-अडीच तास वेगळे काढा. घाटमाथ्यानंतर नीरा-देवघरच्या पाण्याकाठाने हिर्डोशीवरून भोरपर्यंतचा रस्ता सुंदर आहे. त्यावर लहान लहान चढ मात्र संपत नाहीत, आणि दमलेल्या पायांना तेच जड जातात. भोरला मुक्काम करा आणि पाचव्या दिवशी सकाळी पुण्याला या.

प्रश्न: माझ्या रोड बाईकला पुढे ५०/३४ आणि मागे ११-२८ कॅसेट आहे, ११ गिअरची १०५. पसरणी कसाबसा चढलो, मांढरदेवीला उतरून ढकलावी लागली. सराव कमी की गिअर? (एक वाचक, सातारा)

मुख्य दोष गिअरचा. तुमच्याकडे पुढे ५० आणि ३४ दातांच्या दोन चकत्या आहेत, आणि मागच्या कॅसेटमध्ये, म्हणजे चकत्यांच्या संचात, ११ ते २८ दातांच्या. सर्वांत हलक्या गिअरला तुमचे पेडल एकदा फिरले की मागचे चाक १.२१ वेळा फिरते. मिनिटाला ६० फेऱ्या ठेवल्या तर ताशी नऊ किलोमीटरहून थोडा जास्त वेग लागतो. माणूस, सायकल आणि सामान मिळून ८५ किलो धरले, तर दहा टक्के चढावर हा वेग टिकवायला सव्वादोनशे वॉटच्या आसपास ताकद लागते. नियमित सराव असलेल्यालाही ती तासभर देणे अवघड आहे. मग फेऱ्या ४०-४५ वर येतात, गुडघ्यावर दाब वाढतो आणि शेवटी उतरावे लागते. मागे ३४ दातांची चकती असेल तर त्याच ६० फेऱ्यांना वेग साडेसात किलोमीटर होतो आणि ताकद १८५ वॉटच्या आसपास लागते. तेवढा फरक पुरतो.

पण नुसती कॅसेट आणून बसवू नका. आधी मागच्या डिरेलरच्या, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागाच्या, आतल्या बाजूला कोरलेला क्रमांक वाचा. शिमानोच्या १०५ या गिअरसंचाच्या आर-७००० मालिकेत दोन प्रकार आहेत. आखूड दांडीचा एसएस जास्तीत जास्त ३० दात घेतो, लांब दांडीचा जीएस ३४ घेतो. कारण चेनच्या ढिलाईत आहे. पुढच्या दोन चकत्यांतला फरक १६ आणि ११-३४ मधला फरक २३, एकूण ३९ दातांची ढिलाई डिरेलरने गुंडाळून घ्यावी लागते. जीएसची क्षमता बरोबर ३९ आहे, एसएसची ३५. तुमच्याकडे ११-२८ आहे म्हणजे बहुधा एसएस असेल, तेव्हा डिरेलरही बदलावा लागेल.

चेनसुद्धा नवी आणि लांब घ्या. मोजायची रीत अशी: चेन डिरेलरमधून न घालता पुढच्या आणि मागच्या दोन्ही मोठ्या चकत्यांवरून गुंडाळा, टोके जिथे जुळतात तिथून आणखी दोन कड्या ठेवा, एक आतली आणि एक बाहेरची, आणि उरलेली कापा. जुनी आखूड चेन तशीच ठेवली तर एखाद्या बेसावध क्षणी मोठी-मोठी जोडी पडते, चेन ताठ होते आणि डिरेलरचा हँगर, म्हणजे त्याला फ्रेमला जोडणारी पट्टी, वाकतो किंवा तुटतो. घाटात हे झाले की सायकल टेम्पोतच टाकावी लागते.

आणखी एक गोष्ट दुकानात हमखास विसरली जाते. शिमानोची ११ गिअरची ११-३४ कॅसेट रोडच्या ११ गिअरच्या हबवर (मागच्या चाकाच्या मधल्या भागावर) बसवताना आधी १.८५ मिमी जाडीची सपाट कडी (स्पेसर) घालावी लागते. ती राहिली तर लॉकरिंग, म्हणजे कॅसेट जागी धरणारी बाहेरची कडी, घट्ट होऊनही कॅसेट खुळखुळते आणि गिअर कधीच नीट लागत नाहीत. लोक मग केबल पिळत बसतात. लॉकरिंग ४० न्यूटन-मीटरला कसा. शेवटी बी-स्क्रू (डिरेलर चकत्यांपासून दूर ढकलणारा स्क्रू) आत घेऊन वरची छोटी गिअरचक्री आणि ३४ ची चकती यांत पाच-सहा मिमी अंतर ठेवा. अंतर कमी पडले तर सर्वांत हलक्या गिअरला खरखर ऐकू येते. जास्त झाले तर बाकीचे गिअर सुस्त पडतात.

सरावाबद्दल एवढेच, की चढाचे पहिले दोन किलोमीटर तुम्हाला वाटते त्यापेक्षा एक गिअर हलका ठेवा. बोलता आले पाहिजे इतका दम शिल्लक हवा.

प्रश्न: आंबेनळी उतरताना डिस्क ब्रेक किंचाळू लागले आणि लिव्हर हँडलपर्यंत येऊ लागला. हातही भरून आले. मेकॅनिक म्हणतो ब्रेक ठीक आहेत. (एक वाचक, चिपळूण)

महाबळेश्वर ते पोलादपूर सुमारे ४० किलोमीटरमध्ये रस्ता तेराशे मीटरच्या आसपास खाली येतो. एवढ्या उंचीचा उतार ब्रेक सतत थोडासा धरून उतरला, तर पॅड आणि डिस्कला थंड व्हायला क्षणभरही मिळत नाही. पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो, तेच किंचाळणे. दुकानात थंड ब्रेक तपासला तर तो ठीकच वाटणार.

ब्रेक लावण्याची पद्धत बदला. वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर, दोन्ही ब्रेक जोरात आणि थोडा वेळ लावा, वेग हवा तेवढा कमी करा, मग पूर्ण सोडून वळण घ्या. सोडलेल्या त्या काही सेकंदांत डिस्कला वारा लागतो. हात हँडलच्या खालच्या वाकावर ठेवा. तिथून बोट लिव्हरच्या टोकाला पोचते, कमी जोरात जास्त ब्रेक लागतो आणि हात भरून येत नाहीत. वर, लिव्हरच्या बुंध्यावर हात ठेवून चाळीस किलोमीटर उतरले की कोणाचेही पंजे आखडतात. बूड मागे सरकवा, पुढच्या ब्रेकचा भरवसा ठेवा. थांबवण्याचे मुख्य काम तोच करतो. वाडा कुंभरोशीला प्रतापगडाचा थांबा आहेच. त्याच्या वरही एकदा, खालीही एकदा थांबून हात झटका. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते. बोटही लावू नका.

लिव्हर हँडलपर्यंत येतो याची मात्र दुकानात पुन्हा चौकशी करा. एकतर पॅड झिजले आहेत किंवा तेलात हवा शिरली आहे. पॅड बाहेर काढून बघायला सांगा. मागच्या लोखंडी पट्टीवरचा मसाला अर्ध्या मिलिमीटरवर आला की पॅड टाकून द्यायचे. शिमानोच्या डिस्कवर किमान जाडी १.५ मिमी अशी छापलेली असते, ती कॅलिपरने मोजा. पॅड जाड असतील आणि लिव्हर दोन-तीनदा दाबल्यावर घट्ट होत असेल, तर हवा आहे. ब्लीड करून, म्हणजे तेलातली हवा काढून घ्या, आणि शिमानोला फक्त मिनरल ऑइल. त्यात डॉट तेल गेले तर आतली रबरे फुगून निकामी होतात.

नवे पॅड टाकले की घाटात नेण्यापूर्वी ते डिस्कवर घासून मुरवावे लागतात. मोकळ्या सपाट रस्त्यावर ताशी २५ वरून चालण्याच्या वेगापर्यंत ब्रेक लावा, पूर्ण न थांबता सोडा, असे वीसेक वेळा. हे न करता नवे पॅड थेट आंबेनळीत नेले तर पुन्हा तेच किंचाळणे.

रिम ब्रेकवाल्यांसाठी: पॅडमध्ये रुतलेले ॲल्युमिनियमचे चमकते कण टाचणीने उपसून काढा, ते रिम खरवडतात. कार्बनची रिम-ब्रेक चाके या घाटांत आणू नयेत असे आमचे स्पष्ट मत आहे. लांब उतारात रिम तापून सुटू शकते.

प्रश्न: एका दिवसात होणारी, गड बघता येईल अशी पुण्याजवळची फेरी सुचवा. सिंहगड सोडून. (दोन वाचक, कोथरूड आणि पिंपरी)

सिंहगडाचा चढ वनखात्याच्या नाक्यापासून सुमारे नऊ किलोमीटर आणि सरासरी सहा-सात टक्के. मधले काही तुकडे दहाच्या वर जातात. सरावाला त्याच्यासारखा चढ पुण्याजवळ नाही, पण सुट्टीच्या दिवशी तिथे गाड्यांची रांग लागते, तेव्हा तुमचे म्हणणे बरोबर आहे.

पुरंदरची फेरी करा. कोंढव्याहून बोपदेव घाट, सासवड, नारायणपूर, मग केतकावळ्यावरून कापूरहोळ आणि खेड-शिवापूरमार्गे जुन्या कात्रजने परत. सुमारे ९० किमी. दिवे घाट बोपदेवपेक्षा सौम्य आहे, पण जड वाहने तिकडून जातात. आषाढात माउलींची पालखी दिवे घाट चढते तेव्हा तर सगळा रस्ता वारकऱ्यांचा. बोपदेव आखूड आणि टोकदार आहे, म्हणून सकाळी ताज्या पायांनी तोच बरा. सासवडला संगमेश्वर बघा, नदीच्या संगमावरचे दगडी देऊळ. चांगावटेश्वरही जवळच आहे.

नारायणपूरहून पुरंदरवर गाडीरस्ता जातो आणि तो तीव्र आहे. हा भाग लष्कराच्या ताब्यात आहे. सरकारी ओळखपत्र मूळ प्रत बरोबर हवी, आणि संध्याकाळी गेट बंद होण्याआधी खाली यावे लागते. मुरारबाजी इथेच पडला, १६६५ चा तह या गडाच्या वेढ्यातून झाला, आणि १४ मे १६५७ ला संभाजी महाराजांचा जन्म इथला. चढ जमणार नसेल तर सायकल नारायणपुरात ठेवा. तिथले यादवकालीन देऊळ निदान चुकवू नका. त्याच्या दारावरचे कोरीवकाम वेळ घेऊन बघण्याजोगे आहे.

प्रश्न: गडावर सायकलचे बूट चालतात का? सायकल कुठे ठेवायची? (एक वाचक, नाशिक)

तळाला तीन खिळ्यांची मोठी प्लॅस्टिक क्लीट (पेडलमध्ये अडकणारा तुकडा) असलेले रोडचे बूट दगडी पायऱ्यांवर सपशेल घसरतात आणि क्लीटही एका गडात झिजते. लहान लोखंडी क्लीट तळव्यात बुडलेली असते असे माउंटन प्रकारचे बूट आणि पेडल या प्रवासाला योग्य. तेही ओल्या कातळावर जपून. नाहीतर हलक्या चपला मागच्या पिशवीला बांधा.

सायकल नेहमी पायथ्याच्या खाणावळीत, मालकाला विचारून, त्यांच्या नजरेसमोर ठेवा आणि जेवण तिथेच घ्या. पाचाडला, वाड्याला, नारायणपूरला ही सोय सहज होते. कुलूप मागच्या चाकातून आणि फ्रेममधून घाला. दिवे, संगणक, पंप काढून बरोबर घ्या. चोरीपेक्षा उत्सुक मुलांनी गिअर फिरवण्याची शक्यता जास्त असते. परत आल्यावर मागचे चाक उचलून सगळे गिअर एकदा फिरवून बघा आणि मगच बसा.

प्रश्न: पावसाळ्यात हिरवळ असते, तेव्हा हाच मार्ग का नको? (एक वाचक, ठाणे)

हिरवळीचा मोह समजतो. पण वरंधा घाट पावसाळ्यात प्रशासन वेळोवेळी बंद ठेवते, आणि आंबेनळीचा रस्ता २०२१ च्या जुलैमध्ये दरडींनी ठिकठिकाणी तुटला होता. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. जुलैत धुके इतके उतरते, की मागून येणाऱ्या गाडीला तुमचा दिवा दिसेल याची खात्री देता येत नाही. ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ घ्या. मार्चपासून महाडकडचा दमट उकाडा चढाला परवडत नाही.

हिवाळ्याचाही एक धोका आहे. गाळप हंगामात वाई-साताऱ्याकडे उसाच्या ट्रॉल्या रात्रंदिवस फिरतात. जोडट्रॉली वळणावर आत कापते आणि कित्येकींना मागे रिफ्लेक्टर नसतो. सूर्यास्तानंतर त्या रस्त्यांवर थांबू नका, आणि ट्रॉलीच्या शेजारून आतल्या बाजूने कधीही पुढे जाऊ नका.

प्रश्न: घाट संपता संपता मांडीत गोळा येतो. पाणी भरपूर पितो. (एक वाचक, डोंबिवली)

नुसते पाणी पिता, मीठ आणि खाणे कमी पडते, असे दिसते. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी. घाटात एका बाटलीत ओआरएस ठेवा, पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणातच. एक लिटरचे पाकीट अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतले की तहान वाढते आणि मळमळते. तासाला ४० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात गेली पाहिजेत. एका मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम असतात, बाकी चिक्की, राजगिरा लाडू, खजूर यांतून भागवा. भूक लागायच्या आधी, चढ सुरू होण्यापूर्वी पंधरा मिनिटे पहिले खाणे घ्या. घाटाआधी मिसळ नको. पोहे किंवा उपीट घ्या. कोकणात उतरल्यावर मीठ घातलेले कोकम सरबत चांगले काम करते.

तरीही गोळा येत असेल तर सीटची उंची बघा. पेडल खाली असताना टाच त्यावर टेकून पाय सरळ व्हावा. सीट खाली असली की मांडीच्या पुढच्या स्नायूवर सगळा भार येतो. रक्तदाबाचे औषध चालू असेल तर मीठ आणि ओआरएसबद्दल आधी डॉक्टरांना विचारा.

प्रश्न: एकाच मागच्या चाकाला पुन्हा पुन्हा पंक्चर. ट्यूब बदलली तरी दहा-वीस किलोमीटरवर हवा जाते. (एक वाचक, कराड)

कारण टायरमध्येच बसले आहे. टायर घालताना त्यावरचे नाव नेहमी व्हॉल्व्हपाशी आणायची सवय लावा. मग ट्यूबचे भोक व्हॉल्व्हपासून किती अंतरावर आहे ते मोजून टायरवर तीच जागा सापडते. महामार्गाच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या टायरांमधल्या बारीक पोलादी तारा पडलेल्या असतात, केसाहून थोड्या जाड. अशी तार टायरमध्ये आडवी घुसते, बाहेरून दिसत नाही, आणि चाकावर भार आला की आत टोचते. बोटाला लागत नाही. कापसाचा बोळा टायरच्या आतून हळू फिरवा, जिथे धागा अडकेल तिथे तार. ती नखाने निघत नाही, भुवयांचा चिमटा लागतो. तो किटमध्ये ठेवाच. बाभळीच्या काट्याचे टोकही असेच आत मोडून राहते.

भोक ट्यूबच्या रिमकडच्या बाजूला असेल तर रिमची पट्टी सरकली आहे. शेजारी शेजारी दोन चिरा असतील तर खड्ड्यात हवा कमी होती. सत्तर किलोच्या माणसाला २८ मिमी टायरमध्ये मागे ७० ते ७५ आणि पुढे ६५ ते ७० पीएसआय, २५ मिमीला ८५ ते ९०, ३२ मिमीला ५५ ते ६०. सामान असेल तर मागे पाच जास्त. घाटरस्त्यांना आम्ही २८ च्या खाली सुचवत नाही.

बरोबर दोन ट्यूब, पॅचचे पाकीट, दोन लिव्हर, पंप, तुमच्या चेनच्या मापाची क्विक लिंक आणि चेन ब्रेकर हवा. टायर कापला गेला तर आतून लावायला जुन्या टायरचा दोन बोटे रुंद तुकडा ठेवा.

प्रश्न: कोल्हापूरहून पन्हाळा सायकलने कसा? (एक वाचक, इचलकरंजी)

कोल्हापूरहून वीस-बावीस किलोमीटर. रत्नागिरीच्या रस्त्याने वाघबीळपर्यंत जा आणि तिथून चढ. आखूड आहे, सकाळी दीड-दोन तासांत वर पोचता. तीन दरवाजा, अंधारबाव आणि अंबरखाना पायी बघा. अंबरखान्याची धान्यकोठारे आत जाऊन बघण्यासारखी आहेत. गडाच्या आतले रस्ते सायकलने फिरता येतात, फक्त तीन दरवाजाकडचा उतार ओल्या फरशीवर उतरून चालत घ्या. परतीला ज्योतिबा जोडायचा तर आणखी एक चढ धरा. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेचे दिवस टाळा. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेशातले बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. त्यांत पन्हाळा, प्रतापगड आणि रायगड तिन्ही आहेत. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी गर्दी वाढणार हे धरून मंगळवार-बुधवारची सकाळ निवडा.